हातगाडी लावण्याआधी : खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी कायदा, परवाने आणि कागदपत्रे

आमच्या वर्गातला एक मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला तो दप्तरात घडी घातलेला एक कागद घेऊन. "सर, अब्बांनी विचारलंय, यात काय लिहिलंय?" कागद महापालिकेच्या अतिक्रमण विभागाचा होता. अब्बांची सीख कबाबची गाडी उचलून नेली होती आणि हा कागद म्हणजे जप्त केलेल्या सामानाची यादी होती. घरात उर्दू सगळ्यांना वाचता येते, बाजारातली मराठीही येते. पण 'निष्कासन' आणि 'नाशवंत माल' हे शब्द कुणालाच उमगले नाहीत. मागणी केली असती तर नाशवंत माल त्याच दिवशी परत मिळायला हवा होता. कागद समजेपर्यंत चार दिवस गेले आणि मांस फेकून द्यावे लागले. अकरा वर्षे एकाच कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या त्या माणसाकडे आपण तिथे उभे राहतो हे सांगणारी एकही पावती नव्हती.

आपल्या मोहल्ल्यांत कितीतरी चुली अशा गाड्यांवर चालतात. कुणाचा खिमा-पाव, कुणाची बिर्याणी, कुणाचे समोसे, कुणाचा फालुदा. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. आम्ही वकील नाही, शिक्षक आहोत. कायद्यात जे लिहिले आहे ते सोप्या भाषेत सांगणे एवढेच आमचे काम.

मूळ कायदा कोणता?

रस्त्यावर धंदा करणे हा गुन्हा आहे असे अनेकांना वाटते. तसे नाही. १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फूटपाथवर व्यापार करणे हा राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खालचा व्यवसायाचा हक्क आहे, फक्त त्यावर वाजवी बंधने घालता येतात. म्हणजे हक्क आहे, पण हवी तीच जागा मिळेल असा हक्क नाही.

पुढे संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ हा कायदा केला. तो १ मे २०१४ पासून लागू आहे. महापालिका असो, नगरपरिषद असो की नगरपंचायत, शहरी भागात हाच कायदा चालतो. यात एकाच जागी बसणारे आणि फिरून विकणारे असे दोन्ही विक्रेते येतात. महापालिकांच्या जुन्या अधिनियमांत रस्त्यावरचे अतिक्रमण थेट हटवण्याची कलमे आहेत आणि पथक बहुधा त्यांचाच आधार घेते. पण २०१४ च्या कायद्याच्या कलम ३३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की दोन कायद्यांत विसंगती आली तर हा कायदा वरचढ राहील.

सर्वेक्षणात नाव : सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

या कायद्याचे सगळे संरक्षण एका गोष्टीवर उभे आहे, ती म्हणजे सर्वेक्षण. स्थानिक संस्थेने निदान पाच वर्षांतून एकदा सर्व पथविक्रेत्यांची मोजणी करायची असते. प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना विक्री क्षेत्रात सामावून घ्यायचे असते. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाही विक्रेत्याला हटवू नये, असे कलम ३ सांगते.

ज्याचे नाव सर्वेक्षणात आले त्याला विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते. त्यातल्या अटी अशा :

- धंदा स्वतः किंवा घरच्या माणसांनीच करायचा.
- उपजीविकेचे दुसरे साधन नसावे.
- प्रमाणपत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, दुसऱ्याच्या नावावर करायचे नाही.

तिसऱ्या अटीकडे नीट बघा. "जागा माझी, गाडी तू लाव, रोज दोनशे दे" हा व्यवहार आपल्याकडे सर्रास चालतो. त्यात मूळ माणसाचे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि भाडे देणाऱ्याचे नाव तर कुठल्याच यादीत येत नाही. मात्र रद्द करण्याआधी विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि त्या निर्णयावर अपीलही करता येते.

विक्रेत्याचा इंतकाल झाला, किंवा तो कायमचा आजारी वा अपंग झाला, तर प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत आधी पती किंवा पत्नी आणि नंतर अवलंबून असलेले मूल तिथे धंदा करू शकते. कमावता माणूस गेल्यावर गाडीची जागाही गेली, असे समजून घरी बसलेल्या बेवा बहिणी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्यापर्यंत ही ओळ नक्की पोहोचवा.

महाराष्ट्रात अर्जासोबत साधारणपणे आधार कार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा आणि अधिवासाचा दाखला मागतात. या दाखल्यालाच सगळे डोमिसाइल म्हणतात. तो तहसील किंवा सेतू केंद्रातून काढावा लागतो आणि वेळ खातो, म्हणून सर्वेक्षणाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा. चौकशीची जागा म्हणजे प्रभाग कार्यालय. छोट्या गावात नगरपरिषदेचे कार्यालय.

सर्वेक्षणाच्या दिवशी गाडीवर हजर राहणे किती गरजेचे आहे, हे मुंबईवरून कळते. २०१४ च्या सर्वेक्षणात तिथे सुमारे ९९ हजार अर्ज भरले गेले. दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२४ रोजी पथविक्रेत्यांच्या प्रतिनिधींसाठी मतदान झाले, तेव्हा पात्र मतदार जेमतेम ३२ हजार उरले होते. बाकीचे कागदांत, अटींत आणि वादांत अडकले.

गाडी कुठे चालते, कुठे नाही

शहरात तीन प्रकारची क्षेत्रे ठरवायची असतात : मुक्त विक्री क्षेत्र, मर्यादित विक्री क्षेत्र आणि ना-विक्री क्षेत्र, म्हणजे ज्याला सगळे 'नो हॉकिंग झोन' म्हणतात. ना-विक्री क्षेत्रात प्रमाणपत्र असले तरी उभे राहता येत नाही. दुसरीकडे, जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ बाजार भरतो अशा नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार म्हणून घोषित करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याची अनुसूची सांगते. आपल्या जुन्या मोहल्ल्यांतल्या बाजारांसाठी हा मुद्दा मोठा आहे. त्यासाठी जुने फोटो, जुन्या पावत्या आणि वयस्कर दुकानदारांचे जबाब कामी येतात.

मुंबईसाठी न्यायालयांची बंधने अधिक कडक आहेत. एल्फिन्स्टन रोड स्थानकावरच्या चेंगराचेंगरीनंतर, १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने अंतरे स्पष्ट केली. प्रार्थनास्थळे, शाळा-कॉलेजे आणि रुग्णालये यांच्यापासून १०० मीटरच्या आत, आणि रेल्वे स्थानके व मंडया यांच्यापासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको. पादचारी पुलांवर तर अजिबात नको. ही अंतरे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००३ च्या निकालातून आली आहेत. त्या निकालात प्रार्थनास्थळाजवळ फुले, अगरबत्ती, मेणबत्ती अशा अर्पणाच्या वस्तू विकायला सूट आहे. मशिदीच्या गेटवरचे कबाब त्या सुटीत बसत नाहीत, हे समजून घ्यावे.

त्याच २००३ च्या निकालात मुंबईच्या रस्त्यावर अन्न शिजवायलाही मनाई केली आहे. म्हणून मुंबईत पथक सर्वात आधी शेगडी आणि सिलिंडर उचलते. घरी शिजवून आणलेले, झाकलेले पदार्थ विकणाऱ्याची बाजू तुलनेने मजबूत राहते. इतर शहरांत नियम वेगळे असू शकतात, तेव्हा प्रभाग कार्यालयात लेखी विचारून घ्यावे.

अन्नाची नोंदणी : हा वेगळा कागद

बरेच जण म्हणतात, "आमच्याकडे लायसन्स आहे," आणि दाखवतात अन्न नोंदणीचा कागद. दोन्हींत फरक आहे. विक्री प्रमाणपत्र जागेसाठी असते आणि ते महापालिका देते. अन्न नोंदणी पदार्थासाठी असते, आणि ती अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली होते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. अन्न नोंदणी विक्री प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

गाडीवाला, फेरीवाला आणि तात्पुरता स्टॉल लावणारा हे तिघेही कायद्याने 'लहान अन्न व्यावसायिक' ठरतात. त्यांना मोठे लायसन्स लागत नाही, साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीत यासाठी १२ लाख रुपयांपर्यंतची वार्षिक उलाढाल आणि वर्षाला १०० रुपये शुल्क ठेवले होते. सरकार हे आकडे वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज करताना 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर चालू दर बघावा. फॉर्म ए भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचे, बस. मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो आणि नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो. तो कागद गाडीवर दिसेल असा लावावा. एजंट या कामाचे हजार-दीड हजार मागत असेल, तर घरातल्या दहावीच्या मुलाला मोबाइल घेऊन बसवा. त्याला जमेल.

गाडीवरच्या रोजच्या गोष्टी

*गॅस.* १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदा आहे. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. छोट्या गाडीसाठी ५ किलोचाही मिळतो. एजन्सीची पावती जपून ठेवा.

*प्लास्टिक.* महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. पहिल्या वेळी ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड आणि कैदेची तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक प्लेट, ग्लास, चमचे आणि स्ट्रॉ यांच्यावर देशभर बंदी आहे. पाचशे रुपयांच्या गल्ल्यात पाच हजारांचा दंड परवडत नाही.

*कागद.* वर्तमानपत्रात भजी बांधून देऊ नका. शाई अन्नात उतरते, आणि अन्न गुंडाळायला छापील कागद वापरण्यास २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे.

*तेल आणि रंग.* तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावर जुलै २०१८ पासून मर्यादा आहे. काळे पडलेले, फेस येणारे तेल टाकून द्या. कबाब आणि तंदुरीवर लाल रंग टाकू नका. लाल मिरची आणि हळद पुरेशी आहे.

*पाणी आणि बर्फ.* दोन्ही पिण्यायोग्य हवेत. सरबत-फालुदावाल्यांनी बर्फ कुठून आणला याची पावती ठेवावी.

*मांस.* खाटकाकडून रोज बिल घ्या. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर आणि मांसावर बंदी आहे. म्हशीच्या मांसावर तशी बंदी नाही. कुणी तक्रार केली तर तोंडी सांगण्याला किंमत नसते. परवानाधारक दुकानाचे तारीख असलेले बिल हाच आपला साक्षीदार.

*सफाई.* कचऱ्याचा डबा ठेवणे आणि जागा साफ ठेवणे ही कायद्यानेच विक्रेत्याची जबाबदारी आहे. तक्रारी बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात.

गाडी उचलली तर

प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला त्याच्या जागेवरून हटवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुदतीनंतरही तो हटला नाही तर दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा दंड जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रमाणपत्राशिवाय किंवा अटी मोडून धंदा केला तर दंड २,००० रुपयांपर्यंत आहे.

जप्ती झाली तर या क्रमाने चाला :

१. भांडू नका. हात उचलला की प्रकरण महापालिकेकडून पोलिसांकडे जाते आणि मग गाडी बाजूलाच राहते.

२. सामानाची सही केलेली यादी मागा. कलम १९ प्रमाणे ती देणे बंधनकारक आहे. मोबाइलवर फोटो काढा.

३. त्याच दिवशी कार्यालयात लेखी मागणी करा. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचे सामान दोन कामकाजी दिवसांत परत द्यायचे असते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

४. भराल त्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. पावतीशिवाय दिलेला पैसा कुठल्याही कार्यालयात पुरावा होत नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस पुन्हा मागायला येतो.

५. प्रमाणपत्राच्या अटी पाळून धंदा करणाऱ्याला पोलिसांनी किंवा इतर कुणी अडवू नये, असे कलम २७ सांगते. तो कलम क्रमांक अर्जात लिहा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत मदत मिळते. मदत क्रमांक १५१०० आहे.

रमजानचा स्टॉल

मोहम्मद अली रोड असो, नागपूरचे मोमिनपुरा असो की पुण्याचे कौसरबाग, रमजानच्या महिन्यात नवे स्टॉल लागतात. महिन्याभराचा धंदा म्हणून कुणी कागद करत नाही. पण तात्पुरत्या स्टॉललाही अन्न नोंदणी लागते आणि रस्त्यावरच्या जागेसाठी महापालिकेची तात्पुरती परवानगी लागते. वाहतूक पोलिसांचे ना-हरकत पत्रही घ्यावे. अर्ज रमजानच्या महिनाभर आधी द्या. मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी मिळून, नकाशा जोडून अर्ज दिला तर अधिक बरे. रुग्णवाहिकेला वाट सोडलेली नकाशात दिसली पाहिजे. "साहेब म्हणाले, चालतंय" ही परवानगी नव्हे. साहेब बदलले की ती संपते.

आपली माणसे समितीत

प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असते. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. कुठे विक्री क्षेत्र करायचे, शुल्क किती ठेवायचे, या बाबतीत या समितीचे म्हणणे घ्यावे लागते. समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात. त्यांतल्या एक तृतीयांश जागा महिलांच्या असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अपंग आणि अल्पसंख्याक यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असे कलम २२ मध्ये लिहिले आहे. म्हणजे समोसे विकणारी आपली खाला तिथे बसू शकते. पण त्यासाठी आधी मतदार यादीत नाव हवे, आणि त्याच्याही आधी सर्वेक्षणात नाव हवे.

समितीच्या बैठका होतात का, काय ठरते, हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते. उत्तर साधारण ३० दिवसांत मिळायला हवे.

स्वनिधी कर्ज

पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर पहिले कर्ज १५,०००, दुसरे २५,००० आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते आणि योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान आहे. सर्वेक्षणातून सुटलेल्यांना महापालिका शिफारसपत्र देऊ शकते. व्याजाच्या कर्जाबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण हे शिफारसपत्र विक्री प्रमाणपत्र नव्हे, हे लक्षात ठेवा.

नोटिशीतली मराठी

उर्दू शाळेत शिकलेल्यांनी सरकारी मराठीला घाबरू नये. अर्ज, परवाना, जप्ती, पंचनामा, दस्तऐवज हे शब्द तर ओळखीचेच आहेत. अडतात ते हे :

- निष्कासन : जागेवरून हटवणे
- स्थलांतर : दुसऱ्या जागी नेणे
- नाशवंत : लवकर खराब होणारे
- हस्तांतरण : दुसऱ्याच्या नावावर करणे
- हमीपत्र : लेखी वचन, इकरारनामा
- विहित मुदत : ठरवून दिलेली मुदत
- खुलासा : आपली लेखी सफाई
- सुनावणी : आपले म्हणणे मांडण्याची तारीख

नोटीस आली की आधी तारीख आणि मुदत बघा, मग बाकीचे वाचा.

एक फाइल करा

शंभर रुपयांची एक प्लास्टिक फाइल घ्या. त्यात आधार, डोमिसाइल, सर्वेक्षणाची पावती, प्रमाणपत्र, अन्न नोंदणी, गॅसची आणि मांसाची बिले, दंडाच्या सगळ्या पावत्या ठेवा. हो, दंडाच्या सुद्धा. ज्या पावतीची लाज वाटते तीच सांगते की २०१९ साली तुम्ही याच कोपऱ्यावर होतात. वर्षातून एकदा तारखेसह गाडीचा फोटो काढून त्यात लावा.

त्या मुलाच्या अब्बांची गाडी दंड भरून परत आली. एक चाक वाकलेले होते. मुलगा आता आठवीत आहे. घरातली फाइल तोच सांभाळतो आणि महापालिकेचा कागद आला की त्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवतो. प्रत्येक घरात असे वाचणारे एक मूल असते. कागद त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचला पाहिजे.